वारं आलं नाही, गेलं

लोहाऱ्यात ऑक्सिजनचा सिलिंडर बदलून आम्ही नुकतेच चहाला टेकलो होतो. आम्ही म्हणजे १०८च्या रुग्णवाहिकेवरची डॉक्टर मी, आणि बजरंगभाऊ. या गाडीच्या ड्रायव्हरला पायलट म्हणतात आणि भाऊ ती चालवतातही विमानासारखीच. तेवढ्यात कॉल सेंटरच्या हर्षालीचा फोन आला.

"मॅडम, एका बाईचा कॉल आहे. जीभ जड होती तिची. म्हणाली, माझ्या जावंच्या अंगात वारं आलं न्हाय... अंगावरनं गेलंय."

मी चहा तसाच ठेवला. आमच्याकडं वारं आलं म्हणजे देवी अंगात आली; वारं गेलं म्हणजे लकवा. त्या 'गेलंय'वरच हर्षालीचे कान टवकारले होते. तोंड वाकडं झालंय का, हात उचलतोय का, हे तिनं विचारूनही घेतलं होतं.

भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, झाडाचं पान हलत नव्हतं. वस्तीवरचं ते घर कापराच्या धुरानं कोंदलं होतं. पेशंट मथुराबाई भिंतीला टेकवलेली, कपाळभर हळद, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. तिचा नवरा बलभीम पुढ्यात हात जोडून बसला होता.

"आई, काय चुकलं आमचं?"

"फोन कुणी केला?" मी विचारलं.

"कुणीच न्हाय. देवीला दवाखाना लागतोय व्हय?"

मी खाली बसले. "मथुराबाई, हसा बरं." अर्धंच तोंड हसलं. दोन्ही हात समोर धरायला लावले. उजवा घसरत मांडीवर आला. नाव विचारलं तर नुसतं "म... म..."

"शेवटचं नीट कधी बोलल्या?"

"भाकरी वाढली तवा. तासबी झाला नसंल."

म्हणजे वेळ होती. मेंदूतली गुठळी विरघळवायचं औषध पहिल्या काही तासांतच चालतं.

"यांची जाऊ कुठाय? फोन तिनंच केलाय."

बलभीमचा चेहरा उतरला. "थोरली वैनी, शिवकांता... ती जाऊन दोन वर्सं झाली. तिच्याबी अंगात असंच आलतं. पाच दिस बसवली होती इथंच..."

मग फोन कुणाचा? पण 'पाच दिस' ऐकून डोकंच फिरलं. मी स्ट्रेचर आत घ्यायला लावला.

"मॅडम, हात लावू नका... देवी कोपंल."

"कोपू द्या, मामा! माझं नाव सांगा तिला."

वाटेतूनच दवाखान्याला कळवलं. सीटी स्कॅन झाला, गुठळीचं इंजेक्शन दिलं. आम्ही निघता निघता मथुराबाईनं माझं बोट धरलं. उजव्या हातानं. काळाच्या हातून काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं वाटलं मला, आणि खरं सांगते, लई बरं वाटलं.

परतताना दिवस कलला होता. मी पुढं भाऊंशेजारी बसले होते. हर्षालीचा पुन्हा फोन.

"मॅडम... तीच बाई. नाव शिवकांता सांगते. म्हणते, आता मलाबी न्या."

"पत्ता?"

"म्हणते... तुमच्याच गाडीत हाय."

मागून कापराचा वास आला. भाऊंनी कचकन ब्रेक मारला.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू?  पण त्याहून मोठा संताप होता. पाच दिवस या बाईला हळद फासून बसवली आणि एकालाही गाडी बोलवावीशी वाटली नाही! मी मागचं दार उघडून आत चढले. स्ट्रेचर रिकामा. वर पांढरी चादर.

"शिवकांताबाई," मी म्हटलं, "दोन्ही हात वर करा."

चादर दोन्ही बाजूंनी हळूहळू उचलली गेली. डावी बाजू वर राहिली. उजवी... थरथरत खाली आली.

"भाऊ, गाडी वळवा. दवाखान्यात."

"मॅडम... कुणाला न्यायचंय?"

"पेशंट आहे," मी म्हटलं आणि स्ट्रेचरचा पट्टा ओढला.

पट्टा पुरता आवळला जाईना; मध्ये कुणाचं तरी अंग होतं.