तापमुक्त जिल्हा

साहेब, माणसं तुम्ही दोन अंशांनी थंड केलीत आणि दारावरचा आकडा मात्र तसाच ठेवलात. हे नजरचुकीनं राहिलं असं म्हणायची सोय तुम्हाला नाही, कारण तुम्हाला लेखी कळवलं होतं. तारीख आहे, जावक क्रमांक आहे. तेव्हा सात नंबरच्या टाकीवर काय झालं ते आता बसून वाचा. एसी बंद करून वाचलंत तर लवकर समजेल.

चंद्रपूरची सात नंबरची टाकी पिण्याच्या पाण्याची नाही, माणसं बुडवायची आहे. साठ फूट लांब, छातीइतकी खोल, वर पत्रे, आणि पाणी सदा बारा अंशांवर. बाहेर मे महिन्यात सकाळी नऊलाच त्रेचाळीस झालेले असतात. उन्हात राबणाऱ्या प्रत्येकानं सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा अकरा मिनिटं या पाण्यात पोहायचं. लोक त्याला बुडी म्हणतात. बुडी चुकली तर उन्हाचा परवाना नाही, परवाना नाही तर काम नाही.

हे कशासाठी, ते आधी नीट सांगायला हवं. माणसाच्या मेंदूच्या तळाशी बदामापेक्षा लहान अशी एक जागा असते. गिझर जसा आपण एका आकड्यावर लावून ठेवतो, तसं ती जागा सगळं अंग सदतीस अंशांवर लावून ठेवते. त्या आकड्याला शास्त्रज्ञांनी नाव दिलं देहबिंदू. आता बाहेर पंचेचाळीस, त्यात हवा दमट, तर घाम वाळत नाही. अंगातली उष्णता अंगातच साचते आणि अंग चाळीस अंशांच्या वर गेलं की माणूस कोसळतो. सदतीसपासून चाळीसपर्यंत अंतर फक्त तीन अंशांचं. बिंदूच पस्तीसवर आणला तर तेच अंतर पाच अंशांचं होतं. आठवड्याला एक गोळी आणि रोज दोनदा गार पाणी, एवढ्यावर चार महिन्यांत माणसाचा बिंदू उतरतो आणि उतरलेलाच राहतो. मग तो भर दुपारी आणखी अडीच तास डांबर ओतू शकतो.

खोटं कशाला बोला, योजनेनं जीव वाचवले. ज्या उन्हाळ्यात रस्त्याकडेला रोज माणसं सापडत होती, तो उन्हाळा इथं कुणी विसरलेलं नाही. गोळी वाईट नव्हती. पाणीही वाईट नव्हतं.

टाकीवर प्रज्वल निमगडे कामाला होता. प्रज्वल हे आता म्हाताऱ्यांचं नाव झालंय, तो पंचावन्नचा. पूर्वी तलावात पोरांना पोहायला शिकवायचा, म्हणून सगळे त्याला गुरुजी म्हणत. त्याचं काम शिडीपाशी उभं राहायचं. गार पाण्याच्या पहिल्या झटक्याला माणूस हिसका देऊन श्वास ओढतो, तोल जातो, म्हणून उतरताना प्रत्येकाचा हात धरायचा. रोजचे तीनशे हात. सगळे पस्तीस अंशांचे, पावसात भिजलेल्या दोरीसारखे.

घरी तरी वेगळं काय होतं? बायको प्रणाली रस्त्याच्या कामावर, तिचाही बिंदू पस्तीस. त्याचाही तोच. योजना आल्यापासून नऊ वर्षं दोघं एकमेकांशेजारी दोन मडक्यांसारखी निजत होती.

त्या मंगळवारी प्रणालीचा घसा दोन दिवसांपासून दुखत होता, अंग मोडून आलं होतं.

"आज नको जाऊ," प्रज्वल म्हणाला.

"दोन बुड्या चुकल्या का महिनाभर परवाना बंद. मंग घरी बसून काय तुमचं तोंड पाहू?"

"पाह्यलं तर काय बिघडते?"

"तीस वर्षं पाह्यलं ना जी. आता मशीनलेच इचारू. ते म्हणन तसं."

टाकीच्या दारात कपाळासमोर येणारं यंत्र होतं. साडेसदतीसच्या वर लाल दिवा, खाली हिरवा. दाराच्या वर मोठ्या अक्षरांत पाटी: तापमुक्त जिल्हा, सलग सहावं वर्ष. प्रणाली यंत्रासमोर उभी राहिली. छत्तीस पूर्णांक नऊ. हिरवा.

"पाहा, बरी हाय मी," ती म्हणाली आणि शिडीवर आली.

प्रज्वलनं तिचा हात धरला आणि धरूनच राहिला. हात गरम होता. लग्न झालं तेव्हा असायचा तसा. मागे रांगेत बायका हसायला लागल्या.

"गुरुजी, घरी नाई का भेटत?"

"सोडा ना जी, लोकं पाहून रायले," प्रणाली म्हणाली.

"काहून वं, आज हात असा कसा मस्त लागून रायला?"

"म्हणजे जिती हाय अजून. सोडा."

त्यानं सोडला.

सातव्या मिनिटाला टाकीच्या मधोमध ती पोहता पोहता थांबली. प्रज्वलनं तिला बाहेर काढलं, छाती दाबली, श्वास भरला, शिकला होता ते सगळं केलं. दवाखान्याची गाडी आली तेव्हा तो अजून दाबतच होता.

तीन आठवड्यांनी डॉ. मिहिका आत्राम टाकीवर आल्या. गोळीवर काम करणाऱ्या मंडळींपैकी एक. त्यांना कुणी पाठवलं नव्हतं. बाकड्यावर त्याच्याशेजारी बसल्या.

"निमगडेभाऊ, त्यांचा रोजचा आकडा किती यायचा?"

"पस्तीस. कधी पस्तीस-एक."

"आणि त्या दिवशी छत्तीस-नऊ."

"हाव. पण हिरवा होता म्याडम."

"तुम्ही पोरांना शिकवायचात तेव्हा सगळ्यांचा बिंदू सदतीस होता. तेव्हा एखादं पोरगं अडतीस-नऊ घेऊन आलं असतं तर?"

"पाण्यात पाय नसता ठेवू देला."

"का?"

"ताप हाय म्हणून. आमच्या उस्तादाचा पयला नियम होता. मानेले हात लावून पाहा, मंगच पोट्टं पाण्यात सोडा."

"ताप म्हणजे एखादा ठरलेला आकडा नाही भाऊ. ताप म्हणजे चढ. आजार शिरला की मेंदू आपणहून बिंदू वर सरकवतो, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या पेशी जोरात कामाला लागतात. पूर्वी तो सदतीसवरून एकोणचाळीसकडे जायचा. तुमचा पस्तीसवरून सदतीसकडे जातो. चढ तेवढाच."

प्रज्वलनं हिशोब लावला. बोटं गुडघ्यावर हलली आणि थांबली.

"मंजे तिले अडतीस-नऊवाला ताप होता."

"हो. हृदयाला सूज आली असावी. त्या सुजेवर बारा अंशांचं पाणी म्हणजे…"

तो पाटीकडे पाहत होता. "मंग हे काय हाय?"

"ताप गेला नव्हता. यंत्राला दिसायचा बंद झाला होता."

"तुमाले कवापासून मालूम?"

"सहा वर्षांपासून. मी वर लिहिलं होतं, रेषा साडेसदतीसवरून साडेपस्तीसच्या जवळ आणा. उत्तर आलं की तसं केलं तर रोज शंभरातली चार-पाच माणसं कामाला नालायक ठरतील, कामं अडतील, आणि तापमुक्तीचे आकडे बिघडतील. सध्या आहे तसं चालू द्यावं."

"मंग?"

"मग मी दुसऱ्यांदा लिहिलं नाही."

पंपाचा आवाज चालू होता. बुडीची पुढची तुकडी दारात जमायला लागली.

"माहं बी तसंच झालं," प्रज्वल म्हणाला. "हात गरम होता, मले कळलं. उस्तादाचा नियम डोक्यात होता. पण मले मस्त वाटलं म्याडम. नऊ वर्षांनी बायकोचा हात बायकोसारखा लागला. मी हिरव्या दिव्याकडे पाह्यलं आन् मनाले म्हटलं, चांगलंच हाय मंग."

डॉक्टर उठल्या. त्यांच्या बिंदूला कुणी हात लावलेला नव्हता. त्यांच्या गळ्याशी घाम होता. जाताना त्यांनी हात पुढे केला. प्रज्वलनं तो धरला, गरम लागला तसा चटकन सोडला.

साहेब, यानंतर तुमच्या खात्याचा कागद आला. मृताचं शरीर-तापमान: सामान्य. मृत्यूचं कारण: पोहताना हृदयक्रिया बंद. टाकी-कर्मचाऱ्याचा दोष नाही. खाली सहीची जागा. सही केली की प्रज्वल निमगडे सुटला. लोक म्हणाले, गुरुजी, करून टाका. त्याच्या पोरीनंही नागपुराहून फोनवर तेच सांगितलं.

त्यानं सही केली नाही. उलट अर्ज लिहिला की मृताला ताप होता असं नोंदवावं. अर्ज घेणाऱ्या कारकुनानं त्याला समजावलं, "अहो, ताप होता असं लिहिलं तर तुम्ही तापातल्या बाईला पाण्यात सोडलं असं होतं. दोष तुमच्यावर येतो."

"येऊ द्या," तो म्हणाला. "माहा हाय तो."

अर्ज पाच महिने तुमच्या टेबलावर आहे. तो का पडून आहे हे कळायला फार शिकावं लागत नाही. एका बाईच्या नावापुढे ताप असं लिहिलं की सहा वर्षांच्या पाट्या उतरवाव्या लागतील. आणि मग मोजावं लागेल की हिरव्या दिव्याखालून किती जण तापात गेले.

तोवर प्रज्वल शिडीपाशी उभा आहे. आता तो हात धरण्याआधी मानेला हात लावतो. पहिल्या आठवड्यात अकरा जणांना त्यानं परत पाठवलं. त्यातला एक आडदांड गडी त्याच्या अंगावर धावून आला, "दिवा हिरवा हाय, तू कोन बे?" दुसऱ्या दिवशी त्याच गड्याला दवाखान्यात भरती केलं. पण परवाने कापले गेले ते अकराही जणांचे, आणि गुरुजीला वरून दोन नोटिसा आल्या: यंत्राचा निर्णय अंतिम आहे, अंगाला हात लावू नये.

नोटिशीचं त्याला काही नाही. दुखतं ते वेगळंच. तीनशे गार माना लागतात आणि मध्येच एखादी गरम लागते. त्या क्षणी, भीती वाटण्याच्या आधी, त्याला बरं वाटतं. रोज वाटतं. तो हात तिथून काढतो आणि कठड्यावर घासतो. सगळ्या शहराची हीच गत आहे. पोरं आईच्या कुशीत शिरतात ते आई आजारी पडते तेव्हाच. माणसाला माणसाची ऊब लागायला आता त्याला ताप यावा लागतो, आणि तो आलेला तुम्हाला दिसत नाही.

योजना बंद करा असं इथं कुणी म्हणत नाही. ऊन थांबणार नाही, डांबर थांबणार नाही, हे सगळ्यांना कळतं. प्रज्वल निमगडेला माफीही नको आहे. त्याला एका ओळीचं उत्तर हवं आहे, आणि ते तुमच्या सहीचं हवं आहे.

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी प्रणाली निमगडेला ताप होता, की नव्हता?