बंद टीव्हीतली दुपार

ही गोष्ट कर्णोपकर्णी आलेली नाही. जिच्यावर गुदरली ती माझी सख्खी मावशी, आणि त्या वेळी घरात होती ती माझी आई. विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला मात्र अविश्वासाची सोय उरलेली नाही.

दुपार होती. ऐन हिवाळ्यातली, लख्ख. भुताखेतांना मुळीच न शोभणारी.

मावशीच्या यजमानांना, म्हणजे काकांना, जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मूलबाळ नव्हतं. मावशीच्या घरात मागे उरला होता त्यांच्या खुर्चीतला खळगा आणि भिंतीवरचा मोठा टीव्ही. तो दिवसभर चालू असायचा. मावशी बघत नसे. घरात माणसांचा आवाज असावा, एवढ्यासाठीच. बाकी तिच्यापाशी एकच पुंजी होती, आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याला ती अभिमानाने दाखवी... "आमच्या संसारात तिसरं माणूस कधी आलं नाही."

त्या दिवशी टीव्ही सुरूच होईना.

कोपऱ्यातला तांबडा ठिपका जळत होता. रिमोट दाबला की मिचकावायचा... आणि पुन्हा स्थिर.

आवाज नाही. चित्र नाही.

मावशीने रिमोटचे सेल बदलले, वायर काढून पुन्हा खोचली, टीव्हीच्या पाठीवर थापट्या मारून पाहिल्या. शेवटी मेकॅनिकला फोन केला, आणि सोबतीला म्हणून धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, बोलावून घेतलं.

मेकॅनिक बोलका होता. थापट्यांचं ऐकून म्हणाला, "काकू, थोपटल्याने लेकरं झोपतात. टीव्ही उठत नाही."

त्याने टेस्टर लावून पाहिला. वीज येत होती. मग प्लग काढला आणि आत साचलेली वीज निघून जावी म्हणून टीव्हीचं बटण बराच वेळ दाबून धरलं. त्याला एक शंका होती. कधीकधी चित्र उमटत असतं, फक्त काचेमागच्या दिव्यांच्या पट्ट्या गेलेल्या असतात. अशा वेळी अंधार करून काचेवर टॉर्च धरला, तर चित्र पुसटसं दिसतं.

आईने खिडक्यांचे पडदे ओढले आणि ती चहा टाकायला आत गेली. मेकॅनिकने मावशीच्या हाती टॉर्च दिला.

खोली मावळली. उजेडाचं वर्तुळ काळ्या काचेवरून सरकू लागलं.

काही नाही...

काही नाही...

मग... एक खुर्ची.

प्रतिबिंब असेल, मावशीला वाटलं. पण खोलीतली खुर्ची रिकामी होती.

काचेतली नव्हती.

काका बसले होते. अंगात तोच घरातला स्वेटर. चेहऱ्यावर मात्र एक हसू होतं, जे सगळ्या संसारात मावशीच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

वर्षभर ती एका खुणेची वाट पाहत होती. एखादी चाहूल, एखादं स्वप्न... आणि आज ते आले होते. त्यांना डोळे भरून पाहावं म्हणून तिने टॉर्च थोडा बाजूला सरकवला.

ते एकटे आले नव्हते.

त्यांच्या खांद्यावर एका बाईचं डोकं विसावलं होतं. नवखेपणाने नव्हे, रोजच्या जागी विसावावं, तसं.

बाईने मान वर केली.

माझी आई.

"काकू..." मागून मेकॅनिकचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत. "प्लग मी परत लावलेलाच नाही."

वायर भिंतीशी लोंबत होती. तांबडा ठिपकाही विझलेला होता.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात कप. तिथून टीव्हीची काच दिसतही नव्हती. तिने काय झालं, असं विचारलं नाही. एवढंच म्हणाली,

"ताई, टॉर्च बंद कर."

"तू तर पाहिलंही नाहीस," मावशी म्हणाली. "मग तुला गं कसं कळलं?"

आईने कप खाली ठेवला. उत्तर आजतागायत दिलेलं नाही.

मेकॅनिक चहा न घेताच गेला. नंतर त्याने फोन करून पट्ट्या बदलून देतो म्हटलं, मावशीने नको सांगितलं. तिने बहिणीशी बोलणं टाकलं, काकांची तसबीर उतरवली. तो मुका टीव्ही मात्र उतरवला नाही. रोज दुपारी ती पडदे ओढून घेते आणि काचेवर टॉर्च धरते. दगा देऊन गेलेल्या माणसाला बघायचं, तर आता असंच बघावं लागतं...

गेल्या आठवड्यात, कित्येक महिन्यांनी, तिचा मला फोन आला. भर दुपारी.

"तुझी आई कुठाय?"

मी आतल्या खोलीत डोकावलं. "झोपलीय."

पलीकडे टॉर्चचं बटण खटकलं.

"उठवू नकोस तिला," मावशी म्हणाली. "आत्ता कुठे हसलीय."

मी पुन्हा आईकडे पाहिलं. डोळे मिटलेले. ओठांवर खरंच हसू. पंखा बंद होता, खिडकी बंद होती...

आणि तिच्या कपाळावर आलेली बट अलगद उचलली गेली, आणि कानामागे सरकली.

आईचे दोन्ही हात पांघरुणाखाली होते.

त्यानंतर दुपारी घरात थांबायचं मी टाळतो. मावशीचा फोनही उचलत नाही.