बाडेन-बाडेनला तो उठला होता

"बंद आहे हो. मीही तीनदा ओढून पाहिलं."

श्टुटगार्टच्या कसिनोच्या काचेच्या दाराशी माझी झटापट चालली होती आणि मी मोठ्यांदा "कर्म माझं!" म्हटलं होतं. त्यावर हे उत्तर आलं. चक्क मराठीत! वळून पाहिलं, तर एक उंच, सावळा मुलगा भुरभुर पावसात उभा. कोट, टाय, चकचकीत बूट... आणि नाकाच्या शेंड्यावर पावसाचा एक थेंब. तो पडतोय की नाही, हेच मी बघत राहिले. माझ्या प्रेमाची सुरुवात ही अशी, अगदीच बावळट.

"पण बंद का? सुट्टीच्या दिवशी तर गर्दी हवी."

"आज कारफ्रायटाग. गुड फ्रायडे. आज इथे नाचायलासुद्धा बंदी असते, जुगार कुठला?" तो हसला. "आपण लोक चार दिवस जोडून सुट्टी दिसली की लगेच सहल ठरवतो. सुट्टी कशाची आहे ते बघतो का? मीही नाही बघितलं."

"तुम्ही मुंबईचे ना?"

"कशावरून?"

"चूक इतक्या पटकन कबूल केलीत. पुण्याचा माणूस म्हणाला असता, कसिनोचंच चुकलंय."

तो इतका खळखळून हसला की नाकावरचा थेंब शेवटी पडला.

गौरांग त्याचं नाव. पार्ल्याचा, म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला एका सॉफ्टवेअर कंपनीत. मी शमिका, पुण्याची, तीन वर्षं ब्योब्लिंगेनला टेस्टिंगमध्ये. गावात सगळंच बंद, म्हणून पेट्रोल पंपावर कागदी कपातली कॉफी आणि दोघांत एक ब्रेत्सेल, इथला वेटोळ्याचा खारा पाव. अहो-जाहो त्या ब्रेत्सेलबरोबर संपलं. त्याचा बेत सरळ होता. तीन दिवस, तीन कसिनो, तिन्ही ठिकाणी पोकर. श्टुटगार्ट तर हुकलं, आता बाडेन-बाडेन आणि मग वीसबाडेन.

"आणि तू? एवढी नटून, एकटीच?"

मी खरं ते सांगितलं. का कोण जाणे, पण सांगितलं. "माझे बाबा रमी क्लबात बसायचे. पगार तिथे, रविवार तिथे, माझा दहावीचा निकालसुद्धा त्यांना तिथेच कळला. जानेवारीत गेले. आमच्यापेक्षा त्यांना तिथे काय एवढं गोड लागायचं, ते एकदा आतून बघायचं होतं."

तो हसायचा थांबला. सॉरी-बिरी म्हणाला नाही. ब्रेत्सेलचा मोठा तुकडा फक्त माझ्याकडे सरकवला.

"मग चल उद्या बाडेन-बाडेनला," तो हळूच म्हणाला. "आतून बघ."

"ओळख ना पाळख, आणि चल?"

"ओळख होईल की. पाळखेचं मात्र सांगता येत नाही."

पत्ते खेळणाऱ्या माणसाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, हे मी कॉलेजात असतानाच ठरवलं होतं. आणि शनिवारी सकाळी मी त्याच्या गाडीत बसून सीटबेल्ट लावत होते. घ्या!

बाडेन-बाडेनला दारातच पासपोर्ट मागितला, विमानतळावर मागतात तसा. आत लाल मखमल, ही मोठाली झुंबरं. पोकरची खोली जराशी बाजूला, आणि बघ्यांनी दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. गौरांग खुर्चीत बसला... आणि विझला. वाटेत गाणं गुणगुणणारा, टोलेबाजी करणारा मुलगा कुठे गेला कळेना. नुसते डोळे तेवढे जागे. तो चेहरा मी ओळखत होते. बाबा ताटावर असेच बसायचे, आमटीत मीठ नाही हेही त्यांच्या लक्षात यायचं नाही.

तासाभराने माझा धीर सुटला. मी दोरीपलीकडून नुसत्या डोळ्यांनी म्हटलं, चल.

आणि तो उठला! जिंकत होता, तरी उठला. चिप्स गोळा करून सरळ माझ्याकडे आला. "भूक लागली ना तुला?" म्हणाला. मला तिथेच रडू येणार होतं. आईने मला किती वेळा त्या क्लबाच्या दाराशी पाठवलं होतं, बाबा एकदाही उठले नव्हते.

संध्याकाळी आम्ही ओढ्याकाठच्या रस्त्याने चालत होतो. पाऊस होताच. ओल्या वाटेवर मॅग्नोलियाच्या पाकळ्या पडल्या होत्या. छत्री एक, ती सगळी माझ्यावर, आणि त्याची उजवी बाही चिंब.

"तू उठलास," मी म्हणाले.

"तू बोलावलंस ना."

"हरत असतास तरी उठला असतास?"

तो जरा थांबला. जरासाच. "गेनाऊ, अगदी तसाच उठलो असतो."

"बाबाही असंच ठणकावून सांगायचे."

"मी तुझा बाबा नाहीये, शमिका."

"नाहीयेस म्हणूनच तर—" मी जीभ चावली.

"म्हणूनच तर काय?"

"काही नाही. छत्री नीट धर."

त्याने छत्री नीट धरली, आणि दुसऱ्या हाताने माझ्या केसांतली पाकळी काढली. पाकळी पडली, हात तिथेच राहिला. पेन्सिओनमध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या लॉजमध्ये, आम्ही खोल्या दोन घेतल्या होत्या, उगाच भुवया उंचावू नका. पण भिंतीपलीकडे तो आहे, एवढ्यानेच माझी झोप उडाली होती.

रविवारी दुपारी वीसबाडेन. "चारला उठतो," तो आत जाताना म्हणाला. "मग ऱ्हाइनच्या काठी जेवू. शप्पथ." मी बाहेर बागेत बाकावर बसले. गवतात पोरं ईस्टरची अंडी शोधत होती. चार वाजले. पोरं घरी गेली. मी बसूनच.

शेवटी आत गेले. तो हरत होता, मानेवरूनच कळत होतं. मी दोरीशी उभी राहून डोळ्यांनी म्हटलं, चल. त्याने पाहिलं. नीट पाहिलं मला. आणि परत पत्त्यांकडे बघायला लागला.

मी तेव्हाच मागे फिरायला हवं होतं. पण माझं तोंड कधी माझं ऐकतं? "गौरांग, ऊठ," मी म्हणाले. "माझं प्रेम बसलंय तुझ्यावर. ऊठ ना रे..." त्या खोलीत मराठी कळणारा तो एकटाच, म्हणून मला लाजही वाटली नाही.

"एक मिनिट थांब गं!" तो म्हणाला. मराठीतच.

पत्ते वाटणाऱ्या माणसाने हात वर केला. डाव चालू असताना टेबलावर बोलायचं ते जर्मनमध्ये, नाहीतर इंग्लिशमध्ये. दुसऱ्या भाषेत कोण कोणाला काय खूण सांगतंय, ते इतरांना कसं कळणार? त्याने अगदी सभ्यपणे गौरांगचे पत्ते ओढून घेतले आणि बाजूला टाकले. डाव बाद. मला हा नियम माहीत नव्हता.

गौरांग माझ्याकडे वळला. जन्मात पहिल्यांदा मी कुणाला तसं म्हटलं होतं. मी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. काहीही चाललं असतं. चेहऱ्यावर नुसता राग होता.

"काय पत्ते होते माझ्याकडे, माहितीये तुला?"

मी बाहेर पडले. पायऱ्यांवर तो धावत मागून आला, कोट खुर्चीवरच विसरून.

"शमिका, थांब! तू काय म्हणालीस... ते मला आत्ता ऐकू आलं. आत्ता, या पायऱ्यांवर." त्याचा आवाज फाटला होता. "माझंही आहे गं. त्या पेट्रोल पंपापासून आहे. मग मला तेव्हाच ऐकू का नाही आलं? काय झालंय मला?"

 मग त्यानेच माझा हात धरून मला दारातल्या काउंटरशी नेलं आणि तिथल्या बाईंना म्हणाला, "मला बंदी घाला." अशी सोय असते इथे. माणूस स्वतःच स्वतःवर बंदी घालून घेऊ शकतो. मग निदान वर्षभर जर्मनीतलं कुठलंही कसिनो त्याला दारात उभं करत नाही. बाईंनी दोनदा विचारलं, नक्की ना? त्याने सही केली. मी त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत धरला.

ऱ्हाइनच्या काठी आम्ही जेवलो. खूप बोललो, खूप हसलो. आईला फोनवर कसं सांगायचं, तेही मी मनात जुळवून टाकलं. माझ्या आयुष्यात तेवढी सुखाची संध्याकाळ दुसरी नाही.

सोमवारी परत निघालो. पाऊस थांबला होता, लख्ख ऊन. एक हात स्टिअरिंगवर, एक माझ्या हातात.

"आल्झो, तर मग पुढच्या शनिवारी तू माझ्याकडे ये," तो म्हणाला. "साल्झबुर्गला जाऊ. माझ्याकडून दीड तास. डोंगर, किल्ला, केक..."

"चालेल की!" मी म्हणाले. मग काही वेळाने म्हणाले, "साल्झबुर्ग ऑस्ट्रियात ना रे?"

"हो."

बंदी जर्मनीपुरती होती. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, रस्त्याकडे बघत विचारलं, "तिथे कसिनो आहे?"

तो "माहीत नाही" म्हणाला असता, तर मी विश्वास ठेवला असता. देवाशपथ ठेवला असता. पण तो माझ्याशी खोटं बोलला नाही.

"आहे. गावाबाहेर, एका राजवाड्यात. पण आपण किल्ला बघायला—"

"कधी बघून ठेवलंस?"

त्याने माझ्या हातातला हात काढून स्टिअरिंगवर ठेवला.

"काल. जेवून आल्यावर, लॅपटॉपवर."

"सही केलीस, त्याच दिवशी?"

"मुद्दाम नाही गं..." त्याचे डोळे भरून आले होते. "मी दुसरंच काहीतरी बघत होतो. हात आपोआप गेला."

ते मला पटलं, आणि पटलं म्हणूनच मी हादरले. त्याच्या प्रेमात खोट नव्हती, सहीत नव्हती, आणि पत्त्यांच्या या ओढीतही नव्हती.

ब्योब्लिंगेनला माझ्या घरासमोर त्याने बॅग काढून दिली.

"मी सोडेन," तो म्हणाला. "तू बरोबर असलीस तर नक्की सोडेन."

"आईही बरोबरच होती रे. पंचवीस वर्षं."

"मग आता काय करू मी?"

"डॉक्टरकडे जा. कुणाकडे तरी जा. पण माझ्यासाठी नको जाऊस." मी त्याच्या ओल्या गालावरून हात फिरवला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. इथे मराठीत बोललं तरी चालतं ना?"

तो हसायला गेला आणि त्याला हुंदका आला.

मी वर आले. खिडकीतून पाहिलं, गाडी खाली तशीच उभी होती. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. बराच वेळ बसला होता. मी खाली गेले नाही. जायचं होतं मला, फार फार जायचं होतं.