‘टक्’ म्हणणारी जीप

दिवे झगझगीत, हॉर्न तर कान किटवणारा. मग जीप सुरू का होत नव्हती? शाल्मलीने किल्ली फिरवली, की बॉनेटखालून नुसतं ‘टक्’ यायचं. बास!

साल २०६१, दसऱ्याची सकाळ. मागच्या सीटवर उबपेटी (अंड्याला ऊब देणारी पेटी) होती आणि तिच्यात माळावर सापडलेलं, माळढोक पक्ष्याचं एकुलतं एक अंडं. पेटीची बॅटरी जेमतेम तासभर पुरणार होती. उबवणी केंद्र माळापलीकडे, अर्ध्या तासावर. वीजगाडी नेमकी तालुक्याला गेलेली. उरली आजोबांची जुनी, इथेनॉलवर (उसापासून केलेल्या इंधनावर) चालणारी जीप.

“बॅटरी भरलेली, स्टार्टर ठणठणीत. मला काही कळत नाही,” त्यांचा रोबो खटपट्या म्हणाला.

“तुला कळत नाही? कमालच झाली म्हणायची!” आजोबा हसले. सगळं आयुष्य प्रयोगशाळेत फसलेले प्रयोग सुधारण्यात गेलेलं, त्यामुळे घाबरणं त्यांना ठाऊकच नव्हतं. “शाल्मली, वीज बॅटरीतून निघते आणि काम करून बॅटरीतच परत येते. परतीची वाट अडली, की काम अडलं. दिव्याला वीज लागते चमचाभर, आणि ती थेट गाडीच्या सांगाड्यातून परत जाते. स्टार्टरला (इंजिनाला पहिला हिसका देऊन फिरवणारी मोटर) लागते घागरभर! ती जाड तारेतून येते, पण परत जाते इंजिनाच्या लोखंडातून, मग एका पट्टीतून गाडीच्या सांगाड्यात आणि तिथून बॅटरीत. या परतीच्या वाटेला अर्थिंग म्हणतात. खटपट्या, मोज बघू.”

खटपट्याने एक बोट इंजिनाला लावलं, दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला. शाल्मलीने किल्ली फिरवली.

“दहा व्होल्ट!”

“तिथे जवळजवळ शून्य हवं. म्हणजे वाट मधेच अडलीय.”

शाल्मलीची नजर त्या पट्टीवर गेली. काल खंडेनवमी. पूजेआधी जीप कशी नव्या नवरीसारखी दिसायला हवी, म्हणून तिने ती पट्टी काढली, पट्टीला आणि तिच्याखालच्या लोखंडालाही लालभडक रंग फासला आणि वाळल्यावर परत बसवली. वर झेंडूची माळ!

“आजोबा, मीच केलं हे. पट्टीखाली रंग आहे.” तिला रडूच कोसळलं. “अंडं गार पडलं तर?”

“रंगातून वीज जात नाही, बोल्टमधून जाते ती फक्त ‘टक्’ म्हणण्यापुरती, एवढंच. रडतेस काय वेडे, पाना आण!”

आधी बॅटरीची तार सोडवली. मग पट्टी. शाल्मलीने पॉलिश पेपरने इतकं घासलं, की बोटं लाल झाली आणि लोखंड चकाकलं. पट्टी घट्ट आवळली, तार जोडली, किल्ली फिरवली.

घर्रर्र! जीप थरथरून जागी झाली. “उठली एकदाची!” खटपट्या ओरडला. आजोबांनी स्टिअरिंग धरलं.

केंद्राच्या दारात पोचले तेव्हा पेटीत सतरा मिनिटांची ऊब शिल्लक होती. तेवढ्यात ‘टक्’ आवाज आला.

शाल्मली दचकली. “आजोबा, परत अर्थिंग?”

आजोबांनी पेटीला कान लावला. “छे गं! आतून कुणीतरी स्वतःचा स्टार्टर मारतंय.”

अंड्यावर केसाएवढी चीर उमटली होती. या माळावर सहा वर्षांनी पहिलं पिल्लू येत होतं.