ऊना पॅस्कोचं शेवटचं रीळ

क्लॅरी वॉट्सला आयुष्यात एकदाच एका नटीने घरी बोलावलं, आणि तेही चोरी झाली म्हणून. खरं तर बोलावणं त्याला नव्हतंच. ते होतं त्याच्या मेहुणीला, एनिड गॉर्मलीला. एनिड पूर्वी औषधांच्या दुकानात होती. आता लोकांच्या भानगडींचा छडा लावायची. बायको गेल्यापासून क्लॅरी तिची मोटार चालवायचा आणि, तिच्या शब्दांत सांगायचं तर, मधे मधे तोंड घालायचा.

"ऊना पॅस्को!" मेलबर्नमधून बाहेर पडेपर्यंत त्याने दहादा म्हटलं असेल. "अगं, तिचा तो घोड्याचा सिनेमा मी बेंडिगोत तीनदा पाहिलाय. मुका सिनेमा, पण काय काम केलंय! अजून डोळ्यांसमोर आहे."

"डोळ्यांसमोर ट्राम आहे," एनिड म्हणाली. "पुढे बघ."

जानेवारीचं ऊन होतं. विल्यम्सटाउनमधलं ते पत्र्याच्या छपराचं घर नुसतं भाजून निघत होतं. ऊनाबाई वेताच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, बोटांत सिगारेट. क्लॅरीने आत शिरताशिरताच आपला बेंडिगोचा पराक्रम सांगून टाकला.

"तीनदा?" त्या हसल्या. "मग माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलात. मी एकदाच पाहिला. तेव्हा वाटलं, पुन्हा बघूच की कधीतरी."

लहानपणीच त्या रंगभूमीवर आल्या होत्या. मग देशभर दौरे, पाच मुके सिनेमे, लंडन. परत आल्यावर आयांची कामं, मग आज्यांची, आणि नजर अधू झाल्यावर रेडिओ. बोलपट आले तसं सिनेमा कंपनीने जुनी रिळं त्यातल्या चांदीसाठी विकून टाकली. चार सिनेमे असे गेले. पाचव्याचं, त्या घोड्याच्या सिनेमाचं, एकच रीळ उरलं होतं, बाईंच्या स्वतःच्या कपाटात, एका पत्र्याच्या डब्यात.

"शनिवारी नाटकवाले माझा सत्कार करणार आहेत. तिथे ते दाखवायचं ठरलं होतं. मला काचबिंदू आहे. ईस्टरपर्यंत दिसायचं बंद होईल, असं डॉक्टर म्हणतात. त्याआधी मला स्वतःलाच एकदा बघायचंय. दुसरं काही मागणं नाही हो माझं."

आदल्या दिवशी हॅनिगन नावाचे गृहस्थ रीळ न्यायला आले. जुने सिनेमे जमवायचा त्यांना नाद. सगळ्यांसमोर डबा उघडला, तर आत टॉवेलमध्ये गुंडाळलेली इस्त्री!

एनिडने डबा खिडकीत नेला. कडेने चिकटपट्टीचे वेढेच्या वेढे होते. खालचे पिवळे पडलेले, वरचे पांढरेशुभ्र. झाकण आतून गंजाने पार खाल्लं होतं. तिने वास घेतला आणि डबा क्लॅरीच्या नाकाखाली धरला.

"शी! कुणाचे जुने मोजे ठेवले होते यात?"

"डबा कुठे असायचा?" एनिडने विचारलं.

"त्या कपाटात," डल्सी म्हणाली. डल्सी ही बाईंना रंगपटात कपडे चढवणारी. नाटकं संपली तरी ती काही बाईंना सोडून गेली नाही. "भिंतीपलीकडे चूल आहे. घरातली सगळ्यात कोरडी जागा ती."

"दर रविवारी मी तो मांडीवर घेऊन बसते," ऊनाबाई जरा लाजून म्हणाल्या. "उघडत नाही. हवा लागली की खराब होतं म्हणते डल्सी. हे आमचं दोघींचंच गुपित. हसाल तुम्ही."

क्लॅरी मुळीच हसला नाही.

मग बाईंचा भाचा रॉय आला, नाताळापुरतं तोंड दाखवणारा. "आत्या, हा त्या हॅनिगनचाच उद्योग! वर्षभर डब्याभोवती घोटाळतोय."

"घोटाळतोय?" हॅनिगन दारातच कडाडले. "वर्षभर सांगतोय, डबा उघडा, हवा खेळू द्या! या डल्सीबाईंनी मला ओटीच्या आत येऊ दिलं नाही."

"उघडला असता की नेलाच असता तुम्ही," डल्सी फणकारली.

क्लॅरीला भांडणं सोसत नाहीत. पाइप घेऊन तो परसात सटकला. थोड्या वेळाने डल्सीही आली आणि झारीने मोकळ्या जमिनीवर पाणी घालू लागली. त्याने काडी ओढली मात्र, ती किंचाळलीच.

"विझवा ती! इथे नाही!"

"अहो, घरात बाई स्वतः ओढतायत की."

"मग घरात जाऊन ओढा!"

तो फुगून आत आला. "म्हातारीचं डोकं फिरलंय, एनिड. तिकडे टोमॅटो वाळून चाललेत, आणि ही पाणी घालतेय तिथे साधं गवत नाही."

एनिड त्याच्याकडे बघतच राहिली. "क्लॅरी, अधूनमधून तू खरंच कामाचा असतोस," ती म्हणाली, पण तिचा चेहरा पडला होता. असा चेहरा त्याने बायकोच्या आजारपणात पाहिला होता. मग तिने सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं.

"चोर डबाच उचलून नेतो. इस्त्री ठेवत बसत नाही. ती ठेवली वजनासाठी. डबा रविवारी कुणाच्या तरी मांडीवर जातो, हे ज्याला माहीत होतं त्याने. रॉयला ते माहीत नव्हतं. हॅनिगनना तर कालपर्यंत घरात पाऊल टाकू दिलं नव्हतं."

"म्हणजे डल्सीने चोरलं?" रॉय ताडकन उठला.

"खाली बस. चोरलं नाही, पुरलं. जुनी फिल्म आपोआप कुजते. तिच्यातून आम्लाची वाफ निघते. वाफेला वाट मिळाली तर फिल्म थोडी जगते; कोंडली तर वाफ आधी फिल्म खाते, मग झाकण. मोज्यांचा वास तो तिचाच. हॅनिगन सांगत होते ते खरं होतं. पण ते रीळ चुलीच्या गरम भिंतीला ठेवलेलं, वर घट्ट पट्टी, आणि पट्टीवर पट्टी. शेवटी उरते ती भुकटी, आणि ती ठिणगीने पेटते. म्हणून त्या उघड्या जागेवर पाणी, आणि म्हणून क्लॅरीचा पाइप चालला नाही."

डल्सीने तोंडाला एप्रन लावला होता. "मी नवी पट्टी लावायला डबा उघडला हो, बाई. हात लावला तर तपकिरी पीठ! तेव्हा सत्काराचं काही ठरलेलं नव्हतं. म्हटलं, रविवारचं वजन तरी राहू दे तुम्हाला. मग सत्कार ठरला आणि सांगायला तोंडच उघडेना."

जीव लावून लावून तिनेच ते मारलं होतं. हॅनिगन नुसते हातातली हॅट फिरवत राहिले.

"चोर असता तर बरं झालं असतं," ऊनाबाई अखेर म्हणाल्या. "परत मागता तरी आलं असतं." त्यांनी चाचपडत डल्सीचा हात शोधला. "रडू नकोस गं. आता कुणाला रागवू मी?"

मग त्या क्लॅरीकडे वळल्या.

"तुम्ही तीनदा पाहिलाय ना? सांगा मला. फोटो पुष्कळ आहेत माझ्याकडे, पण फोटोतली बाई हलत नाही. मी कशी चालायचे? मागे वळून कशी बघायचे?"

क्लॅरीने डोळे मिटले. घोडा आला. पियानो वाजवणारा टकलू आला. शेजारी बसलेली मुलगी आली, पुढे त्याची बायको झाली ती, तिच्या हातातली संत्र्याची फोडसुद्धा आली. ऊना पॅस्को काही केल्या येईना.

"सुंदर," तो कसाबसा म्हणाला. "फार सुंदर."

"ते सगळेच म्हणतात हो," बाई म्हणाल्या. "कशी, ते सांगा."

त्याने एनिडकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. ऊनाबाईंनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि तो सांगेल म्हणून वाट बघत बसल्या.