रोहण्याच्या बांधावरची बोर

नयनला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या हातात कुऱ्हाड होती. बांधावरच्या बोरीवर तो पहिला घाव घालणार होता.

सप्टेंबरचे दिवस. नुकतीच सर येऊन गेलेली, गवतावर पाणी चमकत होतं. मी स्कूटी रस्त्याच्या कडेला सोडली आणि चिखल तुडवत धावले.

"थांबा. कृपया हे झाड तोडू नका. मी फळ संशोधन योजनेतून आले आहे."

त्याने कुऱ्हाड खाली टेकवली. पावसाने केस कपाळाला चिकटलेले, डोळ्यांत मात्र हसू.

"वांग्यावर सावली पडते तिची, मॅडम. अन् बोरं इतके आंबट, का बकरीबी तोंड वाकडं करते. काऊन नाई तोडू?"

"हिच्या पानांवर भुरी नाही म्हणून. तुमच्या त्या दोन कलमी बोरी बघा, पानं पीठ सांडल्यासारखी पांढरी झालीत. आणि..." मी फांदी वाकवायला गेले, तर काटा थेट बोटात. "माय वं... लय भरला ना."

तो हसला. "आता आपल्या इकडच्या वाटल्या. मघापासून पुण्याच्या वाटून राह्यल्या होत्या."

मी बोरगाव मेघेची, मी सांगितलं. नाव दीपमाला. आडनावही सांगितलं. ते मी नेहमीच लगेच सांगते आणि समोरच्याचा चेहरा बघते. चेहरा बदलायचा असेल तर तेव्हाच बदललेला बरा. त्याने आडनाव ऐकलं, मान हलवली, आणि हात पुढे केला.

"बोट द्या. काटा मोडला तर पिकते."

त्याने नखाने काटा अलगद काढला.

मग त्याला समजावलं. त्याच्या दोन्ही कलमी बोरी एकाच गोड वाणाच्या; त्यांना एकमेकींचा पराग चालत नाही, वेगळ्या वाणाचा लागतो. आणि या शेतात वेगळ्या वाणाचं झाड म्हणजे ही आंबट एकटीच.

"म्हंजे हिले तोडलं असतं तर..."

"गोड बोरं लागलीच नसती."

त्याने कुऱ्हाड उचलली आणि शेतातल्या खोपटात ठेवून आला.

पुढचे दोन महिने मी आठवड्यातून चार दिवस रोहण्याला होते. गोड फळ आणि भुरी न येणारी पानं एकाच झाडावर आणायची होती. काम साधं, पण डोळे फोडणारं. बोरीचं फूल ज्वारीच्या दाण्याएवढं. उमलायच्या आत चिमट्याने त्यातले पुंकेसर काढायचे, कागदी पिशवी बांधायची, दुसऱ्या दिवशी आंबटीचा पराग ब्रशने लावायचा. नयन बाजारात वांगी टाकून यायचा आणि माझ्यासोबत उभा राहायचा. थोड्याच दिवसांत तो माझ्याहून सफाईने पुंकेसर काढू लागला.

"तुमचा हात अजिबात हलत नाही," मी म्हटलं.

"कामात नाई हालत. तुमी पाहून राह्यल्या का मंग हालते."

मी वर पाहिलं नाही. पण त्या फुलाला मी दोनदा पराग लावला, एवढं खरं.

दुपारी त्याची आई, कुंताबाई, डब्यासोबत माझ्यासाठीही चहा पाठवायची. चहा शेतात यायचा. घरी या, असं मात्र कुणी म्हटलं नाही. त्यामागचं कारण मला कळत होतं, त्यालाही. आम्ही दोघं त्यावर बोललो नाही, आणि ते न बोलणं रोज चहासोबत बांधावर येऊन बसायचं.

चारशे फुलांमागे तेवीस फळं टिकली. जानेवारीत ती पिकली, उन्हाळ्यात आम्ही आठळ्या फोडून बिया लावल्या. अकरा रोपं वर आली. आणि जुलैत मला पत्र आलं. श्रीनगरला चेरीच्या संकरावर पीएचडी. चार वर्षं.

निघायच्या आधी मी रोहण्याला गेले. तो रोपांना काट्यांचं कुंपण करत होता.

"जाऊ ना?" मी विचारलं. त्याने नको म्हणावं, निदान एकदा तरी, असं मला वाटत होतं. आणि तो तसं म्हणाला असता तर मी चिडले असते, हेही माहीत होतं.

"जा ना. असा चान्स सगळ्याइले थोडीच भेटते." मग कुंपणाकडेच बघत म्हणाला, "तिकडं थंडी लय राह्यते. चांगलं स्वेटर घेजा."

स्वेटर. दहा महिन्यांनंतर मला मिळालेला शब्द हा.

एप्रिलमध्ये श्रीनगरच्या बागा पांढऱ्या झाल्या. फुलांच्या त्या झुंबरांखाली उभी राहून मी त्याला फोन केला. रोपांची चौकशी करायला, असं स्वतःला सांगून.

"इथं फुलंच फुलं आहेत," मी म्हटलं.

"इकडं बोरीचे पानं गळून राह्यले. आता पाऊस येईपर्यंत झोपते ते. तुमच्या चेऱ्या कवा झोपते?"

"थंडीत. बर्फात."

"म्हंजे एक जागं तर दुसरं झोपलेलं." मग त्याने विचारलं, "काम काय करता तिथं?"

मी सांगितलं, गोड चेरीचा आणि आंबट चेरीचा संकर करतेय. आंबटीत गुणसूत्रांचे चार संच, गोडीत दोन. फळ धरतं, पण आतला गर्भ अर्ध्यावर उपाशी मरतो. म्हणून तो मरायच्या आधीच काढून काचेच्या नळीत वाढवायचा.

"अन् मंग जगते?"

"शंभरात पाच-सात."

"जगते ना पण," तो म्हणाला.

त्या रात्री मला झोप आली नाही. त्याच्या आवाजात वांग्याच्या शेताचा ओला वास होता, आणि माझ्या खिडकीबाहेर परका पाऊस.

पहिले दोन हिवाळे मी आठ-आठ दिवस घरी येऊन गेले. दोन्ही वेळा रोहण्याकडे जाणाऱ्या आर्वीच्या गाडीपर्यंत जाऊन परत फिरले. तो मनातलं बोलत नाही, तर मीच का जाऊ?... तिसऱ्या जानेवारीत घरी असताना त्याचा मेसेज आला. 'एका झाडाले बोरं लागले. तुमी आल्याशिवाय चाखत नाई.'

मी दुसऱ्याच सकाळी गेले. झाड माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं. पानं स्वच्छ, हिरवी, भुरीचा ठिपकाही नाही. अडीच वर्षांत त्याच्या कानाजवळचा एक केस पांढरा झाला होता. ते मी झाडाच्या आधी पाहिलं.

त्याने एक बोर मला दिलं, एक स्वतः घेतलं. आम्ही एकदमच खाल्लं.

आंबट. तुरट. आठळीच मोठी, गर नावाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते नुसत्या आंबटपणाचं नव्हतं.

"फसलं," मी म्हटलं.

"पानं तर साफ हायेत. आता काय करा लागते?"

"याचा पराग पुन्हा गोडीवर. मग पुन्हा तीन-चार वर्षं. त्यातलं चांगलं निवडून आणखी एकदा. बारा वर्षं धरा, जास्तही लागतील."

"बारा," तो म्हणाला. हातातली आठळी त्याने बराच वेळ फिरवली. "मंग ते बारा वर्षं माह्यासोबत काढता का? लगन करून म्हनतो मी."

वारा पडला होता.

"घरी?"

"आईले सांगतलं. दोन दिवस बोलली नाई. मंग तिनंच तुमचा फोटो मांगतला. बाबा..." वडिलांचा, मधुकररावांचा विषय निघताच त्याने मान खाली घातली. "बाबा अजून बोलून नाई राह्यले. पण मी रोज काढतो तो विषय. सोडत नाई."

"माझ्या बाबांना मी सांगेन," मी म्हटलं. "पण तुमचे बाबा स्वतः 'ये' म्हणेपर्यंत मी त्या घरात पाय ठेवणार नाही. मागच्या दाराने मला यायचं नाही."

"तसं मलेबी नाई पाह्यजे."

"आणि माझी पीएचडी अजून दीड वर्ष आहे."

"हाये ना. पुरी करा."

त्याने इतक्या सहज म्हटलं, की एवढे दिवस धरून ठेवलेला माझा राग कुठे गेला ते कळलंच नाही. मी त्याचा हात धरला. आजवर मी त्याच्याशी कधी अहो-जाहोशिवाय बोलले नव्हते.

"नयन, तू थांबशील?"

तो हळूच हसला.

"थांबूनच तं राह्यलो," तो म्हणाला, "तीन वर्षं झाले."