किराईत कडू का होईना?

चंद्रावरच्या वसाहतीत किराईत उगवलं, आणि तेही कसं! गुडघ्याएवढं, हिरवंगार, तुकतुकीत. इरावतीने हौसेनं एक पान चावलं आणि तिचा चेहराच पडला. अहो, किराईत आणि कडू नाही?

"कडूपणा नाही म्हणजे औषधी गुणही नाही," शेतीप्रमुख असलेली तिची शाल्मलीआत्या म्हणाली. "कळ्या येईपर्यंत वाट बघते, इरा. नाहीतर इथे पालक लावावा लागेल. जागा थोडी आहे गं."

इरावतीने वाफ्यापुढे हात पसरले. हे बी तिने सावंतवाडीहून, आजोळच्या परसातून आणलं होतं.

"मी काहीच कमी पडू दिलं नाही!" वाफ्याची राखण करणारा यंत्रमानव खुरप्या कुरकुरला. "वेळेवर पाणी, मऊ उजेड. वारा नाही, किडा नाही. रोज पानंसुद्धा पुसतो."

"अरे, तिथेच घोळ झाला!" इरावती ओरडली. "आजोळी त्याला कडक ऊन लागतं, जमीन सुकते, अळ्या येतात. हो ना गं आत्या?"

आत्या एकदम खूश झाली. "शाब्बास! झाडाला पळता येत नाही. म्हणून ते दुय्यम द्रव्यं (वाढीसाठी नव्हे, बचावासाठी केलेली रसायनं) बनवतं. कडू लागलं की अळी तोंड फिरवते. तीच रसायनं आपल्या औषधाला लागतात. पण ती बनवायला शक्ती खर्च होते. संकटच नसेल तर झाड कशाला एवढा खटाटोप करेल?"

"मग पाणी बंद!" खुरप्या धावला.

"थांब रे बाबा, मरेल ते! ताण हवा, पण सोसेल एवढाच," आत्या म्हणाली.

मग माती वरून सुकली की मगच पाणी द्यायचं ठरलं. पंखा लागला. अतिनील किरणांचा (उन्हातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रखर किरणांचा) दिवाही रोज थोडा वेळ लागू लागला. वाढ मंदावली. नवी पानं बारकी येऊ लागली. खुरप्या तर नुसता हळहळत होता. इरावतीलाही धाकधूक होतीच.

कळ्या आल्या. आत्याने पान तोंडात टाकलं, आणि तिचे डोळे गच्च मिटले. "थू! थू! पाणी आण, पाणी!"

इरावतीने पाणी आणायचं सोडून उडीच मारली. चंद्रावरची उडी ती, थेट छतापर्यंत गेली!

"पालक दुसरीकडे लावू," जीभ पुसत आत्या म्हणाली.

"आणि मंगळावर लावलं तर? तिथे कसं होईल?" इरावतीने विचारलं.

"ते कुणालाच ठाऊक नाही अजून. प्रत्येक झाडाचं गणित वेगळं. तूच लावून बघ, मोठी झालीस की."

"मोठी कशाला?" इरावती म्हणाली. "किराईताला बी तर आत्ताच धरेल!"